स्वतःचे पाय आणि उसनी चाके

मनुष्यास परमेश्वराने जन्मतःच जी साधने दिली आहेत, त्यांत पायांची आठवण आपणांस सर्वांत शेवटी होते. डोळ्यात कुसळ गेले की डोळ्याचे मोल कळते, दात दुखू लागला की रात्र सरत नाही. पाय मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने ओझे वाहतात, आणि एके दिवशी पायऱ्या चढताना गुडघा कुरकुरू लागेपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. अशा या इमानी चाकरांना आपण अलीकडे घरी बसवू लागलो आहोत. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील कोणत्याही वाड्यावर सकाळी घटकाभर उभे राहून पाहावे. कोपऱ्यावरच्या दुकानातून काड्यापेटी आणावयाची, तरी स्कूटर निघते. हाकेच्या अंतरावरील कपेलात रोझरीला जावयाचे, तरी स्कूटर निघते. रविवारी मिस्सेच्या वेळी चर्चच्या पायरीपर्यंत वाहने दाटलेली असतात, आणि त्यांतील कित्येक जवळच्याच वाड्यांवरून आलेली असतात.

वाचकहो, हा लेख मोटारीच्या विरुद्ध लिहिलेला नाही. ज्या धर्मगुरूला दूरदूरच्या वाड्यांवरील आजाऱ्यांना भेटी द्यावयाच्या असतात, त्याला वाहनाचे उपकार नाकारता येणार नाहीत. पायातली वहाण पायातच बरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. मोटार हीही एक प्रकारची वहाणच होय. ती पायाखाली असली तर काट्याकुट्यातून पार नेते. डोक्यावर चढून बसली, तर चालणारा मनुष्य ओझेकरी होतो. आपल्या घरांत ती आज कोठे आहे, याचा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पायवाटांचा मुलूख

पेडणे तालुका उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये वसला आहे. डिचोली तालुक्याचे पाणी वाळवंटीसारख्या नद्यांतून मांडवीकडे वाहते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात आलेल्या या ‘नव्या काबिजादी’च्या मुलखात पक्क्या सडका पुष्कळ उशिरा आल्या. तोवर येथील सारा व्यवहार पायांवर आणि होड्यांवर चालत असे. शेताच्या बांधावरून, कुळागराच्या कडेने, डोंगराच्या उतारावरून गेलेल्या पायवाटा हेच येथील राजमार्ग होते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठण्यासाठी डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच घर सोडावे लागे, आणि वाटेत शापोऱ्यावरची तर पकडावी लागे. डिचोलीच्या बाजूने जुन्या गोव्याला जाणारी जवळची वाट नार्वेवरून होती. नार्वेला नदी ओलांडून दिवाडी बेटावर उतरावयाचे, बेट पायी तुडवावयाचे, आणि पुन्हा होडीत बसून जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागावयाचे. नार्वे-दिवाडी आणि दिवाडी-जुने गोवे या फेऱ्या आजही आहेत. मधले बेट पायी ओलांडणारा माणूस मात्र विरळा झाला आहे.

या तालुक्यांच्या मातीत पायांनी लिहिलेला इतिहासही आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या पत्रादेवीच्या सीमेवरून निःशस्त्र आणि पायी गोव्यात शिरल्या, आणि पोर्तुगीज शिपायांच्या गोळ्यांना बळी पडून त्यांपैकी काही जणांनी तेथेच देह ठेवला. आज त्याच पत्रादेवीवरून जाणारा महामार्ग चौपदरी झाला आहे, आणि हुतात्म्यांच्या स्मारकाशेजारून मोटारी इतक्या वेगाने धावतात की, आतील माणसांना ते दिसलेही नसेल.

तथापि तो जुना काळ सोन्याचा होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्या काळी आजारी मनुष्याला डोलीत किंवा माचिलीत घालून चौघांनी खांद्यावर वाहून न्यावे लागे. पावसाळ्यात नदीला पूर आला की तर बंद पडे. अडलेल्या बाळंतिणीला वैद्यापर्यंत नेता न आल्यामुळे जी कुटुंबे पोरकी झाली, त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आपल्या आज्या-पणज्या चालत असत, कारण त्यांना चालण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून चालण्याचे गुण गाताना त्यांच्या कष्टांची थट्टा होऊ नये, ही काळजी आपण घेतली पाहिजे.

चाकांचे उपकार

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि पुढील दशकांत गावोगाव सडका पोहोचल्या. १९७८-७९ च्या सुमारास गोव्याच्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून मोठे आंदोलन केले. खासगी बसमालकांच्या मर्जीवर शिक्षण अवलंबून राहू नये, ही त्यामागील तळमळ होती. त्यानंतर थोड्याच काळात, १९८० मध्ये, सरकारी मालकीचे कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. आज जे आजोबा झाले आहेत, त्यांतील किती तरी जणांची पदवी त्या बसच्या पासावर उभी आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि पेडण्याला आगगाडीचे स्थानक मिळाले. २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गावच्या वाटा ओळखू लागली. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि पूर्वी ज्या सड्यावर गुरे चरत असत तेथून विमाने उडू लागली.

दुचाकीने तर घराघरांतील जीवन पालटले. पहाटेच्या पाळीला तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत जाणारी मुलगी, रात्रपाळी संपवून परतणारी परिचारिका, दोन गावांतील शाळा सांभाळणारी शिक्षिका यांना स्कूटरने जे स्वातंत्र्य दिले, ते कोणत्याही व्याख्यानाने दिले नसते. आपल्या गोव्याचा ‘पायलट’ पाहा. पिवळ्या मडगार्डाची मोटरसायकल घेऊन तो नाक्यावर उभा असतो, आणि बसमधून उतरलेल्या म्हातारीला तिच्या पिशव्यांसह दारात पोहोचवितो. एक वाहन दिवसभरात कितीतरी जणांच्या कामी येते. चाकाचा याहून सुंदर उपयोग कोणता?

मग बिघडले कोठे? बिघडले ते असे की, जी वस्तू लांबच्या वाटेसाठी, अवजड ओझ्यासाठी आणि निकडीच्या प्रसंगासाठी घरात आणली, ती आपण प्रत्येक पावलाच्या जागी वापरू लागलो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. नोंदलेल्या वाहनांचा आकडा त्यानंतर वाढत वाढत लोकसंख्येच्या बरोबरीला येऊन भिडला आहे. पाळण्यातील बाळ आणि अंथरुणावरील आजोबा धरून माणशी एक वाहन, असा हा हिशेब होतो!

शरीराचा जमाखर्च

चालण्याचे थांबले तर शरीराचे काय होते, याचा एक प्रसिद्ध पुरावा लंडन शहरातील बसगाड्यांतून मिळाला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टराने आपल्या सहकाऱ्यांसह तेथील बसचालक आणि वाहक यांच्या हृदयविकाराची तुलना केली, आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोघेही एकाच बसमध्ये काम करीत, एकाच शहराची हवा घेत. अंतर एवढेच की, चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दुमजली बसचा जिना दिवसातून शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. पुढे या निष्कर्षाची नाना प्रकारे पारख झाली, आणि शारीरिक हालचाल हृदयाचे रक्षण करते ही गोष्ट वैद्यकशास्त्रात सर्वमान्य झाली.

आता आपल्या घराकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मधुमेहाच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण सबंध देशात शेकडा ११.४ निघाले, गोव्यात ते शेकडा २६.४, म्हणजे देशातील सर्व राज्यांत अधिक. चार प्रौढ माणसे जेवायला बसली, तर त्यांतील एकास हा रोग आहे, असे समजावे. याचे सारे खापर स्कूटरवर फोडता येणार नाही. खाणेपिणे बदलले, आयुर्मान वाढले, शेती सुटून बैठे काम वाढले, आनुवंशिकतेचाही त्यात भाग आहे. परंतु या सर्व कारणांत जे एक कारण आपल्या हाती, किंबहुना आपल्या पायी आहे, ते चालण्याचे. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हे शरीरातील मोठे स्नायू होत. ते काम करू लागले की रक्तातील साखर खर्ची पडते. जेवणानंतर थोडे चालले तरी साखरेची चढण मंदावते. पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. चालताना हाडांवर जो भार पडतो, त्याने हाडे बळकट राहतात. आणि उतारवयात तोल सांभाळण्याची सवय टिकल्यामुळे पडण्याचा धोका कमी होतो.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. झपझप चालणे हे त्यातच मोडते. दिवसाकाठी अर्धा तास धरला तर पाच दिवसांत दीडशे मिनिटे भरतात. अर्ध्या तासात साधारण माणूस दोन-अडीच किलोमीटर चालतो. म्हणजे एक किलोमीटरवरच्या चर्चला जाऊन येणे, किंवा दुकान आणि पंचायत पायी करणे, एवढ्यात दिवसाचा व्यायाम पुरा होतो. त्यासाठी वेगळा पोशाख नको, वर्गणी नको. शहरातील लोक पैसे मोजून व्यायामशाळेत एका जागी चालण्याचे यंत्र चालवितात. आपल्या वाड्यावरची वाट मात्र फुकट असूनही ओस पडते. अर्थात ज्यांना हृदयाचा किंवा गुडघ्यांचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांस विचारून, थोड्या अंतरापासून सुरुवात करावी.

अंथरूण पाहून

शरीरानंतर पैशाचा हिशेब. इव्हान इलिच हे १९५१ मध्ये दीक्षित झालेले कॅथोलिक धर्मगुरू होते. पुढे १९६९ मध्ये त्यांनी धर्मगुरूचे कार्य सोडले आणि लेखक म्हणून ते जगभर गाजले. १९७४ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतील मोटारवाल्याचा एक मजेदार हिशेब मांडला. मोटार चालविण्यात जाणारे तास, तिचे हप्ते, पेट्रोल, विमा आणि दंड भरण्यासाठी राबण्यात जाणारे तास, अशी सर्व बेरीज केली तर तो गृहस्थ वर्षाचे १,६०० तास मोटारीला देतो, आणि त्यांत सुमारे १२,००० किलोमीटर जातो. भागाकार करून पाहा. ताशी साडेसात किलोमीटर! म्हणजे वेगाने चालणाऱ्या माणसापेक्षा थोडासाच अधिक.

आपल्याकडचा हिशेब आपण स्वतः करावा. समजा, एखाद्या तरुणास महिन्याला वीस हजार रुपये मिळतात, आणि दुचाकीचा हप्ता, पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती मिळून पाच हजार जातात. महिन्यास सव्वीस दिवस काम असेल, तर त्यांतील साडेसहा दिवस तो केवळ दुचाकीसाठी राबला. ती दुचाकी त्याला दूरच्या नोकरीवर नेत असेल, तर हा खर्च योग्यच आहे. परंतु नाक्यावर गप्पा मारायला जाण्यासाठी किंवा शेजाऱ्याने नवी घेतली म्हणून घेतली असेल, तर ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश त्याने पुन्हा आठवावा.

डिचोली तालुक्याला हा धडा फार कडू रीतीने मिळाला आहे. येथील लोहखनिजाच्या खाणी दुसऱ्या महायुद्धानंतर वाढीस लागल्या. खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत ट्रक आणि तेथून मुरगाव बंदरापर्यंत बार्ज, असा माल जात असे. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्या भरभराटीच्या काळात शेकडो कुटुंबांनी शेती मागे टाकून, कर्ज काढून ट्रक घेतले. धुळीने माखलेल्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, आणि शाळेला जाणारी मुले तोंडावर रुमाल धरून कडेने जात. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबविले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये न्यायालयाने ती अटींसह उठविली, परंतु फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. दारात उभा असलेला ट्रक गंजू लागला आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच राहिला. शेवटी कर्जदारांस दिलासा देण्यासाठी सरकारला स्वतंत्र योजना आणावी लागली. खाणी योग्य की अयोग्य हा निराळा वाद आहे. येथे घेण्याजोगा बोध एवढाच की, ज्या कुटुंबाने थोडी शेती राखली होती, हातात दुसरी कला जपली होती, ते वाकले पण मोडले नाही. आणि ज्याचे सर्वस्व एका यंत्राच्या चाकावर उभे होते, ते चाकाबरोबरच थांबले. आज पेडण्याचे तरुण विमानतळामुळे टॅक्सीच्या धंद्याकडे वळत आहेत. त्यांना यश लाभो, अशीच आमची प्रार्थना आहे. पण शेजारच्या तालुक्याची ही गोष्ट त्यांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकदा ऐकावी.

चाक थांबण्याचे प्रसंग काही दुर्मीळ नाहीत. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, आणि १९९२ मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत उत्तर गोव्याच्या लोकांना पणजी गाठण्यासाठी पुन्हा फेरीबोटींचा आश्रय घ्यावा लागला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, रस्ते ओस पडले, आणि काही दिवस किराणा मालाची दुकानेही उघडली नाहीत. अशा वेळी परसात भाजी असलेले, शेजाऱ्याच्या वाटा पाठ असलेले घर अधिक निश्चिंत असते, हे कोणास सांगावयास नको.

रिकामी झालेली बस

आतापर्यंतचा विचार आपल्यापुरता झाला. यापुढील गोष्ट शेजाऱ्याची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक गंभीर आहे.

बस कशावर चालते? प्रवाशांवर. वाड्यावरील दहा धडधाकट माणसांनी एकेक दुचाकी घेतली की बसमधील दहा तिकिटे कमी झाली. तिकिटे कमी झाली की बसमालकाला दुपारची फेरी परवडत नाही. ती बंद होते. मग संध्याकाळची शेवटची फेरी बंद होते. फेऱ्या घटल्या म्हणून उरलेल्यांतील आणखी चौघे कर्ज काढून स्कूटर घेतात. शेवटी थांब्यावर उरते कोण? जिला वाहन चालविता येत नाही ती म्हातारी, ज्याचे वय भरलेले नाही तो विद्यार्थी, ज्याला हप्ता परवडत नाही तो मजूर, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो आंधळा. आपल्यापैकी कोणीही त्यांचे वाईट चिंतिले नव्हते. प्रत्येकाने केवळ स्वतःची सोय पाहिली, आणि सर्वांच्या सोयींची बेरीज होऊन दुर्बळाची गैरसोय झाली. कैलासवासी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नेमका हाच विषय घेतला आहे. एकेकट्या माणसासाठी धावणाऱ्या मोटारींनी शहरे कोंडतात आणि हवा दूषित होते, यास्तव सार्वजनिक वाहतुकीस प्राधान्य द्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

पायवाटांचेही तसेच झाले आहे. न वापरलेली वाट बुजते. ज्या वाटेवरून कोणी जात नाही, तिच्यावर एक दिवस कुंपण पडते, आणि वहिवाट मोडली तरी तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. मग पायी जाऊ इच्छिणाऱ्यालाही मोटाररस्त्याच्या कडेनेच जावे लागते. तेथे त्याच्या जिवाची शाश्वती नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी गोव्याच्या रस्त्यांवर अडीचशेहून अधिक माणसांनी प्राण गमावले. त्यांत दुचाकीवरील तरुणांचा भरणा मोठा असतो. धर्मगुरूला अनेक प्रकारच्या अंत्यविधींस उभे राहावे लागते; परंतु विशीतील मुलाची शवपेटी आणि तिच्यामागून चालणारे आईबाप हे दृश्य पाहिल्यावर प्रवचनास शब्द सुचत नाहीत.

पालकांनी येथे एक कायदा ध्यानात ठेवावा. मोटारवाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘पोरगा हुशार आहे, फक्त दुकानापर्यंतच जातो’ असे म्हणून जो बाप चावी देतो, तो मुलाला बक्षीस देत नसून त्याला धोक्यात लोटतो. दुकानापर्यंतच जावयाचे असेल, तर त्याला पाय आहेत.

समतोल कसा साधावा?

गावातील पाडेलीकडे पाहा. माड चढून नारळ पाडण्याची त्याची विद्या संपूर्णपणे त्याच्या हातापायांत आहे. परंतु या भाटातून त्या भाटात जाताना तो कोयता कमरेला अडकवून मोटरसायकलवर बसतो. दोन गावांमधील अंतर चाकाने तोडावयाचे आणि माड स्वतःच्या अंगबळाने चढावयाचा! पाव घेऊन येणारा पदेरही सायकलच्या मागे भलीमोठी टोपली बांधून, भोंगा वाजवीत वाड्यावाड्यांतून हिंडतो. सायकल हे यंत्रच आहे, पण त्याला ओढणारे बळ माणसाचे आहे. आपला प्रश्न या कष्टाळू लोकांनी पुस्तके न वाचताच सोडविला आहे. यंत्राने त्यांचे काम हलके केले, पण त्यांचे अंग निकामी केले नाही.

आपल्या घरांसाठी काही नियम सुचवितो. पहिला असा की, एक किलोमीटरच्या आतील काम, ओझे किंवा आजार नसेल तर, पायीच करावे. आठवड्यातून निदान रविवारची मिस्सा सबंध कुटुंबाने चालत गाठावी; वाटेत मुलांशी जे बोलणे होते, ते स्कूटरच्या मागे बसवून होत नाही.

दुसरा नियम असा की, शाळा जवळ असेल तर वाड्यावरील मुलांचा जथा करून, पाळीपाळीने एका मोठ्या माणसाने त्यांना चालत पोहोचवावे. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालण्यास शिकवावे. पावसाळ्यात आणि तिन्हीसांजेला फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि विजेरी जवळ ठेवावी.

तिसरा नियम बसचा. बसची वेळ आपल्या वेळेशी जुळत असेल, तर आठवड्यातून दोन दिवस तरी बसने जावे. ते भाडे म्हणजे वाड्यावरील म्हातारीची फेरी चालू ठेवण्यासाठी दिलेली वर्गणी समजावी.

चौथा नियम वाटेचा. ग्रामसभेत आपण गटारांसाठी भांडतो, दिव्यांसाठी भांडतो; तेथेच एकदा बुजत चाललेल्या पायवाटांचा, रस्त्याकडेच्या पदपथाचा आणि महामार्ग ओलांडण्याच्या जागांचा प्रश्नही मांडावा. हिंदू शेजाऱ्यांसह हे काम सहज होईल. पंढरीची पायी वारी करणारे वारकरी त्यांच्यात आहेत. चालण्याचे पुण्य त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पाचवा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत महत्त्वाचा. वाहन निघालेच, तर त्यातील रिकामी जागा शेजाऱ्याची आहे असे मानावे. बाजाराला जाताना ‘काकी, काही आणायचे आहे का?’ किंवा ‘दवाखान्यात जातो आहे, येता का?’ असे विचारण्यास पेट्रोल लागत नाही.

यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी घायाळ केलेल्या मनुष्याचा दाखला आपणांस ठाऊक आहे. शोमरोनी मनुष्याजवळ त्याचे जनावर होते. ते त्या काळचे वाहनच. जखमी मनुष्य दिसताच त्याने त्याच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, आणि उतारशाळेपर्यंत नेले. धन्याच्या जागी जखमी बसला, याचा अर्थ धनी ती वाट बहुधा पायी चालला. चालण्याची ताकद त्याच्या पायांत होती, म्हणूनच त्याचे वाहन दुसऱ्याच्या कामी येऊ शकले. ज्याला वाहनावाचून दहा पावले टाकता येत नाहीत, त्याला ते दुसऱ्यास देताही येत नाही.

आपल्या गोव्याचे संत जोसेफ वाझ १६८६ मध्ये गोवा सोडून पायी दक्षिणेकडे निघाले आणि पुढे समुद्र ओलांडून सिलोनला पोहोचले. तेथे उरलेले आयुष्य त्यांनी रानावनांतून चालत जाऊन श्रद्धावंतांची सेवा करण्यात घालविले. १६९७ मध्ये कँडीस देवीची साथ आली, तेव्हा ज्या रोग्यांपासून लोक दूर पळत होते, त्यांच्याकडे हे चालत गेले. दरवर्षी ३ डिसेंबरच्या सणासाठी सावंतवाडी आणि बेळगावकडून कित्येक भाविक आजही जुन्या गोव्यापर्यंत चालत येतात. वर्षातून एकदा इतके लांब चालण्याची श्रद्धा ज्या लोकांत आहे, त्यांना रोज शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालणे अवघड वाटू नये.

चाके उसनी आहेत. ती पेट्रोलवर, हप्त्यावर, रस्त्यावर आणि परवान्यावर अवलंबून आहेत. पाय आपले आहेत, आणि जपले तर शेवटपर्यंत साथ देणारे आहेत. यास्तव धडधाकट माणसाने आपल्या पायांवर चालावे, म्हणजे बसमध्ये म्हातारीला जागा मिळेल, आजाऱ्यासाठी दारातील गाडी मोकळी राहील, आणि वाटेवर भेटलेल्या शेजाऱ्याला थांबून ‘बरे आहात ना?’ असे विचारण्यास आपणांस सवड सापडेल.